पृथ्वीच्या आरपार बोगदा

लग्न ठरलं तेव्हा तिच्या बायोडेटावर शिक्षणापुढे 'बारावी सायन्स' एवढंच लिहिलेलं होतं. पुढे 'पास' नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांनाच त्याचा अर्थ कळतो. पास असती तर पास लिहिलं असतं. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "तू फिजिक्सचा मास्तर. चालेल ना तुला?" मी म्हटलं, त्यात काय आहे. पण ती कुठल्या विषयात राहिली होती हे नंतर कळलं, आणि मला उगाचच अपराधी वाटलं. ती फिजिक्समध्येच राहिली होती. जसा काही तो पेपर मीच काढला होता.

हा माझा जुना स्वभाव आहे. आई म्हणायची, "शेजारच्यांचं दूध उतू गेलं तरी हा म्हणेल, मी लक्ष द्यायला हवं होतं." लोकांना वाटतं हा भला माणूस आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो, पहिल्या मजल्यावर. खालच्या जिन्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून पुसलेली नव्हती. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो, बहुतेक पहिली पाळी. शिवाय संध्याकाळी आणि रविवारी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचो. कटपीसच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये तो क्लास चालायचा. क्लासचे मालक सिंधी, वयानं मोठे, सगळ्यांना साईं म्हणणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धंद्याचं सूत्र सांगितलं होतं : "साईं, बच्चे को पास होना है, सायंटिस्ट नहीं होना. आयएमपी दो, खुश रखो."

आयएमपी म्हणजे परीक्षेत हमखास येणाऱ्या प्रश्नांचा कागद. कुठला प्रश्न गेल्या मार्चला आला, कुठला एक वर्षाआड येतो, कुठला धडा ऑप्शनला टाकला तरी भागतं, हे सगळं मला पाठ होतं. माझा आयएमपी चांगला लागायचा. कॅम्प एकमध्ये त्यासाठी माझं थोडंफार नाव होतं. याची मला लाज वाटायची, आणि नाव झाल्याचा आनंदही व्हायचा.

मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर बायकोनं स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर नोकरी धरली. सकाळी लवकर, उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, दुपारी घरी यायचं. आत एक गोल मशीन होतं, सेंट्रिफ्यूज. रक्ताच्या नळ्या त्यात समोरासमोर लावायच्या, झाकण बंद करायचं, आणि ते गरगर फिरून थांबलं की नळीत तांबडं खाली आणि पिवळसर पाणी वर, असं वेगळं झालेलं असायचं. त्या मशीनला हात लावायला तिला परवानगी नव्हती. ते टेक्निशियनचं काम. पण घरी आल्यावर ती त्याच्याबद्दलच बोलायची.

लॅबच्या डॉक्टर मॅडमनी एक दिवस तिला सांगितलं, "तुझा हात स्वच्छ आहे, डोकं जागेवर आहे. टेक्निशियनचा कोर्स कर, मी तुला इथेच घेते. पण बारावी सायन्स पास पाहिजे."

तिनं घरी येऊन मला तेवढंच सांगितलं आणि भाजी निवडायला बसली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, एकच विषय आहे."

चौकशी केली. बाकीचे विषय आणि प्रॅक्टिकल धरलं जाणार होतं, नुसती फिजिक्सची लेखी परीक्षा द्यायची. पण अभ्यासक्रम बदलणार होता. जुन्या मुलांना येणारा ऑक्टोबर आणि त्यानंतरचा मार्च, एवढीच संधी होती. ती गेली तर नव्या अभ्यासक्रमानं सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ते होणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

दुपारी मी पाळी संपवून यायचो, ती लॅबमधून आलेली असायची, मुलगी माझ्या आईजवळ झोपलेली. तेव्हा आम्ही बसायचो.

ती बदलापूरजवळच्या चामटोली गावची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली, आणि चांगले मार्क होते म्हणून सायन्सला घातलेली. अकरावीच्या पहिल्याच दिवशी सगळं इंग्रजीत. शाळेत तिनं अभिकेंद्री बल शिकलं होतं, इथे त्याचं सेंट्रिपिटल फोर्स झालं होतं आणि ते तेच आहे हे तिला दिवाळीपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. मग तिनं सगळ्या डेरिव्हेशन पाठ केल्या, चित्रं पाठ करावीत तशा. एखादी ओळ विसरली की पुढचं सगळं गेलं.

मी ठरवलं, हिला आयएमपी द्यायचा नाही. हिला सगळं समजावून सांगायचं. कॅम्प एकच्या मुलांना मी जे देत नव्हतो ते हिला देणार होतो. आता वाटतं, त्यात तिच्यापेक्षा माझीच सोय जास्त होती.

पहिला धडा वर्तुळाकार गतीचा. मी नेहमीप्रमाणे सांगितलं : फिरणाऱ्या वस्तूवर आत केंद्राकडे बल असतं, सेंट्रिपिटल. बाहेर ढकलणारं सेंट्रिफ्युगल बल हे स्यूडो फोर्स. लिहून घे आणि खाली रेघ मार.

तिनं लिहिलं, रेघ मारली आणि विचारलं, "स्यूडो म्हणजे?"

"खोटं. म्हणजे खरं तर नसलेलं."

"मग मॅडमच्या मशीनमध्ये रक्त खाली कोण नेतं?"

मी वहीतल्या त्या रेघेकडे बघितलं.

"आणि भाताला पाखरं यायची तेव्हा मी गोफण फिरवायचे," ती म्हणाली. "खांदा भरून यायचा. ती ओढ खोटी होती?"

इतक्या वर्षांत क्लासमध्ये हे कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, परीक्षेत येत नाही. मी तिला म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथ स्टेशनवरून कंपनीत जाताना मी शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी, चौथ्या माणसाच्या जागी बसलो होतो. वळणावर अर्धा बाहेर गेलो आणि दांडी घट्ट धरली. तिथे मला नीट सुचलं. दुपारी तिला सांगितलं, "रिक्षा वळते तेव्हा मला कोणी बाहेर ढकलत नाही. मला नुसतं सरळ जायचं असतं. दांडी मला वळवते. दांडी नसती तर मी सरळ गेलो असतो, गटारात. तुझ्या नळीतल्या तांबड्या पेशींचं तेच. त्या जड. भोवतीचं पाणी त्यांना वळवायला पुरं पडत नाही, म्हणून त्या सरकत सरकत तळाला जातात. तळ काचेचा, तो त्यांना वळवतो."

"आणि खांदा?"

"दोरी दगडाला तुझ्याकडे ओढते. तीच दोरी तुला दगडाकडे ओढते. खांद्याची ओढ खरीच. पण दगडाला बाहेर ओढणारं कोणी नाही."

ती थोडा वेळ हवेत हात फिरवत बसली, गोफण हातात असल्यासारखी. मग म्हणाली, "हे असं सांगितलं असतं तर मी तेव्हाच पास झाले असते." आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघून, "तुम्हाला नाही म्हटलं हो. तेव्हाच्या सरांना."

दोलनांच्या धड्याला आम्ही घराचं कुलूप दोऱ्याला बांधून कपड्याच्या दांडीला लटकावलं. आई झोपेतून उठून बाहेर आली. कुलूप हलतंय, सून मान इकडून तिकडे करतेय, मुलगा घड्याळ धरून उभा. "दाराला लावायचं सोडून त्याला झोके कसले देताय?" म्हणाली आणि चहाला आधण ठेवलं. बायकोला एक गोष्ट तिथे काही केल्या पटेना. टोकाला कुलूप क्षणभर थांबतं, वेग शून्य, आणि तिथेच त्वरण सगळ्यात जास्त. थांबलेल्याला त्वरण कसलं? मी सांगून थकलो. शेवटी ती स्वतःच दांडीखाली उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "थांबलंय कुठे? परत फिरतंय ते. फिरायला जोर लागणारच की."

तिला खरा लळा लागला तो गुरुत्वाकर्षणाच्या धड्याचा. त्यात एक डेरिव्हेशन आहे : जमिनीच्या वर गेलं तर 'जी', म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, कमी होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जमिनीच्या आत गेलं तरीही तो कमी होतो. कारण आत गेलेल्याच्या वरचं पृथ्वीचं कवच त्याच्यापुरतं असून नसल्यासारखं होतं, फक्त पायाखालचा गोळा उरतो. अगदी मध्यभागी जी शून्य.

"म्हणजे विहिरीत उतरलं की वजन कमी होतं?"

"होतं. पण काट्यावर दिसणार नाही इतकं."

"आमचा बाबा विहीर खणून वर आला की म्हणायचा, अंग जड झालं बाय."

"ते खणून झालेलं."

ती हसली. वहीवर तिनं एक वर्तुळ काढलं होतं, पृथ्वीचं. त्यात वरपासून खालपर्यंत आरपार दोन रेघा ओढल्या. "समजा विहीर खणतच गेलं. पलीकडे निघेपर्यंत. आणि वरून दगड टाकला. मध्ये जाऊन थांबेल का? तिथे जी शून्य आहे."

"जी शून्य आहे, पण तोपर्यंत वेग सगळ्यात जास्त झालेला असेल. थांबणार नाही."

"मग पलीकडून बाहेर पडेल?"

"पलीकडच्या काठापर्यंत येईल. तिथे वेग संपेल. आणि परत आत."

ती बघतच राहिली माझ्याकडे. "कुलपासारखं?"

"अगदी कुलपासारखं. आत हवाबिवा नसेल तर येत-जात राहील. सिंपल हार्मोनिक मोशन."

"किती वेळ लागेल पलीकडे जायला?"

मी गणित करून दाखवलं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पाऊण तासाच्या आत. आणि गंमत अशी की, पृथ्वीच्या अगदी जवळून एखादा उपग्रह फिरत गेला तर त्यालाही अर्धी फेरी मारून पलीकडे पोचायला तेवढाच वेळ लागेल. एक आतून पडतोय, एक बाहेरून गोल फिरतोय, आणि दोघं एकदमच पोचतात.

"पाऊण तासात जगाच्या पलीकडे," ती म्हणाली. "आपल्याला व्हीटीला जायला याच्याहून जास्त लागतो." मग बऱ्याच वेळानं, पेन्सिलीनं त्या काठावर टिंब देत, "काठाला आला की कोणीतरी त्याला धरायला पाहिजे हो. नाहीतर बिचारा आयुष्यभर ये-जा करत राहील."

त्या दिवशी मला वाटलं, शिकवणं म्हणजे हे. आपण इतकी वर्षं कॅम्प एकमध्ये काय करत होतो?

ऑक्टोबरचा पेपर अंबरनाथच्या एका शाळेत होता. ती बाहेर आली ती हसतच आली. गालाला शाई लागलेली. विचारलं, कसा गेला? म्हणाली, "मस्त." तिनं सात वर्षांत कशालाही मस्त म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी तिला स्टेशनजवळ मिसळ खाऊ घातली. तिनं मुलीसाठी जिलबी बांधून घेतली. मॅडमनाही तिनं सांगून टाकलं, होईल म्हणून.

निकाल लागला तेव्हा ती नापास होती. थोडक्या मार्कांनी.

ती रडली नाही. मार्कशीट कपाटात ठेवली, मुलीचा डबा घासला. मॅडमना काय सांगायचं एवढंच पुटपुटली. मी मात्र कोलमडलो. जेवताना सॉरी म्हटलं, आंघोळीहून आल्यावर सॉरी म्हटलं. आयएमपी द्यायला हवा होता. परक्या मुलांना दिला आणि घरच्या माणसाला दिला नाही. माझी हौस भागवली, तुझी एक संधी घालवली. दोन-तीन दिवस मी हेच बोलत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि मी तिच्या मागे बादली धरून उभा राहून पुन्हा सुरू केलं. तिनं हातातली चादर तशीच बादलीत टाकली.

"तुम्हाला एक सांगू?"

"सांग."

"वर्तुळ मी काढलं. बोगदा मी खणला. परीक्षेत जी विथ डेप्थचं डेरिव्हेशन आलं होतं. ते मला आलं. पूर्ण आलं. मग पुढे मी बोगदा लिहिला."

"बोगदा?"

"सगळा. दगड कसा जातो, कुठे वळतो, उपग्रह बाहेरून कसा पोचतो. माझ्या इंग्रजीत. तीन चित्रं काढली. पुरवणी घेतली त्याच्यासाठी. वर्गावरच्या बाई म्हणाल्या शेवटची दहा मिनिटं, तेव्हा मी मान वर केली. दोन प्रश्न उरले होते, दोन्ही येत होते मला."

 पुरवणी घेऊन, विचारलेलं नसताना. मी बारावीत असताना एकही ओळ जास्त लिहिली नव्हती.

"मला मजा येत होती," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत मजा येत होती. चूक माझी, पण ती माझी आहे. तुम्ही ती पण घ्यायला बघताय. मी नापास झाले त्याचंही श्रेय तुम्हालाच पाहिजे."

तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून पिळायला लागली. मी माझ्या बाजूनं पिळलं. हे वाक्य ती रागानं बोलली नव्हती, म्हणूनच ते मला इतकी वर्षं लक्षात राहिलंय. दूध उतू गेलं की मी पुढे होतो, ते दुधाच्या काळजीनं नव्हे हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा कळलं. कळलं म्हणून स्वभाव गेला असं मात्र नाही.

चादर दोरीवर टाकून झाल्यावर तिनं पुढचं सांगितलं. मार्चसाठी ती घरी शिकणार नव्हती.

"का? मी वाईट शिकवतो?"

"चांगलं शिकवता. पण मला चुकलं की तुमचं तोंड पडतं. मग मी प्रश्न सोडून तुमचं तोंड सांभाळत बसते. रविवारी क्लासला येते. तिथे सगळ्यांचंच चुकतं."

रविवार सकाळची बॅच रिपीटर मुलांची होती. ती येऊन शेवटच्या बाकावर बसली, दोन सिंधी मुलींच्या शेजारी. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. मालकांना तेवढं ठाऊक होतं. त्यांनी हात जोडून म्हटलं, "भाभीजी, आप आगे बैठो," आणि तिनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. मला ती सर म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं "सर, फॅन लावा ना" म्हटलं आणि माझ्या हातातला खडू पडला. शेजारच्या मुली तिला आंटी म्हणायच्या. त्यांनी तिला माझा आयएमपी दिला, झेरॉक्स करून, पोरींमध्ये पोरगी असल्यासारखा. तो तिनं घरी आणला, माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्यावर हिरव्या शाईनं खुणा करत बसली. 

मी मात्र बदलत चाललो होतो. कोणी विचारलं नाही तरी मी रिक्षाची दांडी सांगायचो, सेंट्रिफ्यूज सांगायचो. मुलं ऐकायची, कारण सर जरा रंगात आलेत हे त्यांना दिसत होतं. एका रविवारी मी जी विथ डेप्थचं डेरिव्हेशन फळ्यावर पूर्ण केलं. 'हेन्स प्रूव्ह्ड' लिहिलं. पुढे जायचं होतं. पण माझा हात थांबला नाही. मी पृथ्वीचं वर्तुळ काढलं आणि त्यात आरपार दोन रेघा ओढल्या.

"आता समजा," मी म्हटलं, "आपण असा एक बोगदा खणला."

मुलं पुढे झुकली. मी दगड टाकला. तो मध्यावर आणला. आणि मला आठवतं, मी शेवटच्या बाकाकडे बघितलं, थोडं अभिमानानं, थोडं क्षमा मागावी तसं. हा तुझा बोगदा बघ, सगळ्यांना दाखवतोय.

शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

"सर, हे परीक्षेत येतं का?"

वर्ग खो खो हसला. तिच्या शेजारची मुलगी बाकावर हात आपटत म्हणाली, "आंटी सही बोली! सर, पोर्शन कम्प्लीट करो ना, मार्च आ गया." मागून एक मुलगा ओरडला, "सर को ट्रिप हो गई अमेरिका की, डायरेक्ट नीचे से!" पुन्हा हसू.

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. पेन उघडून, वहीवर हात ठेवून, माझी वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला तेव्हा दिसलं की तिला हे हवं होतं, नक्की हवं होतं, आणि त्याहून दुसरं काहीतरी जास्त हवं होतं. मी डस्टर उचललं आणि बोगदा पुसला.

"नाही येत," मी म्हटलं. "पुढचं लिहून घ्या. एस्केप व्हेलॉसिटी. हा आयएमपी आहे."

तासानंतर आम्ही खालच्या गाडीवर दालपकवान खाल्लं. तिनं ते पहिल्यांदाच खाल्लं. तिला आवडलं. मी म्हटलं, "तू मला थांबवलंस."

"मला पास व्हायचंय," ती म्हणाली. "त्या पोरींना पण व्हायचंय. त्या शेजारचीचं लग्न अडलंय पासवर, घरचे म्हणतात आधी बारावी. बोगदा कुठे पळून जात नाही." मग पकवानाचा तुकडा डाळीत बुडवून, "आणि तुम्ही उपग्रहाचं सांगायला विसरला होता."

"सांगणार होतो."

"मला ठाऊक आहे. म्हणूनच हात वर केला. तो भाग सुरू झाला असता तर मीच तुम्हाला थांबवलं नसतं."

मार्चचा पेपरही अंबरनाथलाच होता, दुसऱ्या शाळेत. मी कंपनीतून अर्धा दिवस घेऊन फाटकाबाहेर उभा होतो. ती बाहेर आली तेव्हा हसत नव्हती. दमलेली होती. गालावर शाईबिई काही नव्हतं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"डेप्थचं आलं?"

"आलं."

"मग?"

"हेन्स प्रूव्ह्ड लिहिलं, रेघ मारली, पान उलटलं." ती पाणी प्यायली. "पान उलटताना जीवावर आलं. पण उलटलं."

स्टेशनकडे चालताना ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, पेपराचा हिशोब करतेय. शिवमंदिराकडे जाणारा फाटा ओलांडला तेव्हा म्हणाली, "अहो, बोगदा बरोबर मध्यातून नाही खणला, बाजूनं तिरका खणला, म्हणजे बदलापूरहून समजा दिल्लीला सरळ रेषेत, तर गाडी आपोआप जाईल?"

"घर्षण नसेल तर जाईल."

"किती वेळात?"

मला उत्तर ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं, आणि म्हटलं, "तू काढ."

तिनं ते काढलं. पुढच्या आठवड्यात, एका दुपारी, मुलीच्या रेघी वहीच्या मागच्या पानावर. तिरक्या बोगद्यालाही तेवढाच वेळ लागतो, पाऊण तासाच्या आत, दिल्ली असो की अमेरिका. तिला ते खोटं वाटलं म्हणून तिनं दोनदा काढलं. मी तिच्या पाठीमागे उभा होतो आणि तिनं एका ठिकाणी चूक केली तेव्हा मी माझं तोंड पडू नये म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलो. चूक तिनंच शोधली.

निकालाच्या दिवशी बदलापूर स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेत आम्ही रांगेत उभे राहिलो. कॅफेवाल्यानं तिचा नंबर टाकला. पडदा उघडायला वेळ लागत होता. फिजिक्सच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, मग बोट उचलून पुन्हा ठेवलं. पास होती. फार नाही, पण वर.

"झालं," ती म्हणाली.

मी म्हणायला गेलो, "मी आधीच आयएमपी..."

"नको," ती म्हणाली. "आता काही नको."

प्रिंट घेऊन ती सरळ लॅबमध्ये गेली. मी बाहेर थांबणार होतो, पण तिनं आत या अशी खूण केली. मॅडम कोणाचा तरी रिपोर्ट बघत होत्या. त्यांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर करून वाचली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास. कोर्सचा फॉर्म या आठवड्यातच भर, जागा लवकर भरतात." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही फिजिक्सचे ना? घरीच मास्तर, मग काय. तुम्हीच शिकवलंत हिला?"

मला दोन उत्तरं येत होती. हो, हे एक. आणि आधी माझ्यामुळेच राहिली, हे दुसरं. दोन्ही जिभेवर होती.

"ती रविवारच्या बॅचला होती," मी म्हटलं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. ती मॅडमना विचारत होती की फॉर्मबरोबर शाळा सोडल्याचा दाखला ओरिजिनल लागतो की झेरॉक्स चालते, आणि कोर्सच्या तासांमुळे सकाळचं काउंटर बदलून मिळेल का.